सशांची सावड

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा पंचांनी सगळं न्यायानं वाटलं. ससेसुद्धा.

आजोबा त्याच हिवाळ्यात गेले होते. ते असेपर्यंत माझे बाबा आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, कुरकुरत का होईना एकाच चुलीवरचं जेवत होते. आजोबा गेले आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत दोघांचं फाटलं. कशावरून, ते बारा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? पंच बसले. वावरं दोरीनं मोजली, भांडी समोरासमोर मांडली, बैलजोडीतला एक बैल आम्हाला आला आणि एक मोठ्या बाबांना गेला. शेवटी अंगणातलं लाकडी खोकं राहिलं. त्यात दोन ससे होते. एक पंच हसून म्हणाला, "दोन भाऊ न् दोन ससे. भांडाचं कामच नाई." मी दारातून ओरडले, "त्याईले नका तोडू!" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट आत गेले. पण त्या पंचाचा राग माझ्या डोक्यातून काही गेला नाही. तो अजूनही आहे.

ते ससे सोनाळ्यात नवलाचेच होते. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. रानातला करडा ससा सगळ्यांनी पाहिलेला, बऱ्याच जणांनी खाल्लेलाही. पण पाळलेला, पांढरा, लाल डोळ्यांचा ससा कोणी पाहिला नव्हता. आजोबा शेगावला दर्शनाला गेले होते. तिथे रेल्वेच्या क्वार्टरात राहणाऱ्या ओळखीच्या एका बाबूची बदली झाली होती. सामान बांधता बांधता त्यानं ही दोन पिल्लं आजोबांच्या टोपलीत ठेवून दिली. "हे खायाचे का पाह्याचे?" असं जो तो विचारायचा. आजोबा म्हणायचे, "पाह्याचे." दोघी माद्या, एका वेताच्या बहिणी. एक पूर्ण पांढरी, तिचं नावच पांढरी. दुसरीचे कान काळे, ती काळकानी. निजायच्या त्या एकमेकींच्या अंगावर मान टाकून, आणि जाग्या असल्या की एकीनं दुसरीचे कान चाटायचे, मग दुसरीनं पहिलीचे. वाटणीत पांढरी आमच्याकडे आली. काळकानी मोठ्या बाबांकडे गेली, म्हणजे माझ्या चुलतबहिणीकडे. ही बहीण माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली, आणि स्वभावानं माझ्या अगदी उलट. तिला कोणी रागावलं तर ती रडायची. मला कोणी रागावलं तर तो रागावणारा रडकुंडीला यायचा.

जेठात अंगणाच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. त्या दिवसापासून पांढरी त्या भिंतीच्या बुडाशी जाऊन बसायला लागली. पुढच्या पायांनी माती उकरायची, थांबायची, कान टवकारायची, पुन्हा उकरायची. खाणं तोडलं. भुईमुगाचा पाला, तुरीच्या कवळ्या शेंगा, हराळी, जे मिळेल ते मी तिच्या तोंडाशी नेऊन पाहिलं. ती वास घेऊन एखादा घास कुरतडायची आणि मान फिरवायची. माय म्हणाली, "मुकं जनावर हाय. दोन दिवसात इसरन." पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. पांढरी काही विसरली नाही. हात फिरवला की पाठीचे मणके बोटांना लागायचे. आमच्या बैलाच्या खुराला दाखवायला गुरांचा डॉक्टर आला होता, त्याच्यासमोर मी पांढरीला नेऊन ठेवलं. त्यानं तिला उचललं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "रोग काही नाही. एकटी पडली आहे. अशी झुरत राहिली तर थंडी काढणार नाही."

कार्तिक संपत आला होता. मी त्या दिवशी ठरवलं की पांढरी मरणार नाही. कसं, ते मला ठाऊक नव्हतं, पण ठरवलं.

आता सावडीचं सांगायला हवं, कारण माझी पहिली चूक तिच्यातून झाली. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्यानं दुसऱ्या एका बैलवाल्याशी जमवायचं, दोन बैल एका जुवाखाली जुंपायचे, आज त्याचं वावर, उद्या याचं; ही सावड. वाटणीनंतर बाबा आणि मोठे बाबा दोघांकडेही एकेकच बैल, आणि नवा घ्यायची ऐपत दोघांचीही नाही. परक्याचा बैल त्यांच्या बैलाशी चालेना. मग बोलणं बंद असूनही सावड त्यांनाच करावी लागली. अख्खं गाव हसायचं. बाबा आपला बैल वावराच्या धुऱ्यावरच्या निंबाला बांधून बाजूला उभे राहायचे आणि मोठे बाबा येऊन तो सोडायचे. बोलायचं झालं तर दोघंही बैलाशी बोलायचे. "चाल बे, लोकाईले उशीर होऊन राह्यला," असं बाबा बैलाला सांगायचे. मोठे बाबाही बैलालाच विचारायचे, "काऊन बे, कोणाले सकायपासून पाणी पाजाचं सुचलं नाई वाटते?" बैल बिचारा ऐकून घ्यायचा आणि डवरा ओढायचा.

हे पाहून मला वाटलं, बैलांची सावड चालते तर सशांची का नाही? एक दिवस आमच्या अंगणात, एक दिवस त्यांच्या. दोघींची भेट होईल, पांढरी खायला लागेल, आणि वाटणीला धक्काही लागणार नाही. शाळेत आम्ही दोघी तरटाच्या एकाच पट्टीवर बसायचो, एकमेकींशी न बोलायची मोठ्यांची ताकीद तिथे पोचत नव्हती. बहीण म्हणाली, "माय मारन ना वं." मी म्हटलं, "मारू दे. मार दोन मिनटाचा असते."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मोठी माणसं कापूस वेचायला गेलेली. बहिणीनं भिंतीवरून काळकानीला माझ्या हातात दिलं. मला काय काय वाटत होतं! सहा महिने जिच्यासाठी ही झुरते आहे ती समोर आल्यावर काय करेल, हे मी रात्रभर मनात रंगवलं होतं. मी काळकानीला खाली ठेवलं. पांढरी भिंतीपासून उठली. तिनं मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला आणि सरळ काळकानीच्या अंगावर गेली. दोघी चक्रासारख्या फिरायला लागल्या, केसांचे पुंजके उडाले. काळकानी पाट्याच्या मागं शिरली तरी पांढरी तिला सोडेना. मी गोणपाट टाकून कशीबशी पांढरीला धरलं. भिंतीवर बसलेली बहीण हमसून हमसून रडत होती. मला रडू आलं नाही, राग आला. "कैदाशिणी, हिच्याचसाठी मरून राह्यली होती ना तू?" असं मी पांढरीला म्हटलं, आणि खरं सांगते, एक चापटही मारली.

पण सावड म्हणजे सावड. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत पांढरी तिकडे गेली. तिथे काळकानीनं वचपा काढला. पांढरीच्या डाव्या कानाची कड फाटली, रक्त आलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आमच्याकडे. मी काय शिकले असेन असं तुम्हाला वाटतं? काही नाही. मला वाटत होतं की आज नाही तर उद्या, थकून तरी गप्प बसतील. चौथ्या दिवशी पांढरीनं खाणं पुरतंच सोडलं, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

दारोदार भाजी विकणारी एक माळीण होती, आम्ही तिला मावशी म्हणायचो. नाल्याकाठी तिची वाडी होती. इकडची गोष्ट तिकडे करणारी ती बाई नव्हती, टोपलं उतरवताना मोजकंच बोलायची. त्या दिवशी तिनं पांढरीचा कान पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

"सावड लावली? सशाईची?" ती म्हणाली. "अवं पोरी, बैल सावडीत चालते, कारण वावर बैलाचं नसते. बैल चाकर हाय. तुह्या ह्या दोघी घरच्या मालकिणी हायेत. सहा महिने एकीनं इकडची माती हुंगली, एकीनं तिकडची. आता आपल्या घरात दुसरी आली तर मारन नाई तर काय करन?"

"मंग काय करू?"

"दोघीईचं नसन अशा जागी ने. माह्या वाडीत खोप हाय रिकामी. पण धीर लागन. जनावर एका दिवसात तुटते, एका दिवसात जुडत नाई."

धीराचं मला ठाऊक नव्हतं, हट्टाचं ठाऊक होतं. मी तोच वापरायचा ठरवला.

त्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही वाडीत जायला लागलो. मावशीच्या सांगण्यावरून दोघींना एकाच टोपल्यात घातलं, वर फडकं बांधलं आणि टोपलं माझ्या डोक्यावर. मला वाटलं होतं की वाटेतच एकमेकींना फाडतील. पण टोपलं हललं तशा दोघी आत गप्प झाल्या. नाल्यापाशी फडकं वर करून पाहिलं तर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. अर्धी वाट मी टोपलं न्यायचं, अर्धी वाट बहिणीनं. मावशी म्हणाली, "भेव दोघीईचं एक हाय ना, म्हून."

खोपीत सोडल्या की मात्र पुन्हा तेच. फरक एवढाच की आता कोणी कोणाला हाकलून लावत नव्हतं, नुसती चकमक व्हायची आणि दोघी दोन टोकांना जाऊन बसायच्या. मावशीनं आम्हाला एकेक सूप दिलं. अंगावर धावल्या की मध्ये सूप घालायचं, हात घालायचा नाही. मी दुसऱ्याच दिवशी हात घातला आणि पांढरीनं माझ्या बोटात दात रोवले. मग मेथीच्या काड्या दोन टोकांना टाकायच्या, रोज वीतभर जवळ आणायच्या. बसायची गोणपाटं आम्ही रोज सकाळी भिंतीवरून बदलायचो, म्हणजे हिनं तिच्या वासावर निजायचं आणि तिनं हिच्या. ही युक्ती मावशीची नव्हे, माझी. ती माझी होती हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होते.

हे लपून किती दिवस राहणार? आठव्या का दहाव्या दिवशी मायनं माझं बोट पाहिलं.

"शाळा सुटल्यावर कुठी जाऊन राह्यली वं?"

"मावशीच्या वाडीत. सशाईले भेटवाले."

"तिकडच्या पोट्टीसंगं?"

"हाव."

मायनं एक ठेवून दिली. मायचा हात भारी होता. दुसऱ्या दिवशी मी दप्तर ठेवलं, टोपलं उचललं आणि चोरून न जाता तिच्यासमोर उभी राहून म्हणाले, "माय, मी वाडीत चालली." तिनं हातातलं भाताचं गंज चुलीवर आपटलं. त्यानंतर मी रोज सांगून जायला लागले आणि ती रोज काहीतरी आपटायची.

थंडी वाढली. वाडीत मुळे मोठे झाले. एके दिवशी मी एकच मुळ्याचा पाला, मोठा, अख्खा, दोघींच्या मध्ये टाकला. पांढरी एका टोकानं खायला लागली, काळकानी दुसऱ्या टोकानं. पाला संपत आला तशी मी सूप उचललं. मावशीनं माझं मनगट धरलं. दोघींची नाकं एकमेकींना लागली आणि दोघी थांबल्या. पांढरीनं मान खाली घातली, अगदी जमिनीला टेकवली. काळकानी किती तरी वेळ नुसती पाहत राहिली. मग तिनं पांढरीच्या डोक्यावरून जीभ फिरवली, आणि मग कानावरून, तोच कान जो तिनंच फाडला होता. चाटतच राहिली. बहीण माझ्या दंडाला घट्ट धरून होती. मी मोठ्यानं रडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "हळू वं," मावशी म्हणाली, "भेतीन ना त्या."

पांढरी खायला लागली. दोनच दिवसांत माझ्या हातातून मेथी ओढून घेण्याइतकी हावरी झाली. मी जिंकले असं मला वाटलं.

पण संध्याकाळी त्यांना आपापल्या घरी न्यावंच लागायचं, आणि रोज दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा घंटा रुसण्याफुगण्यात जायचा. एकदा मला ताप आला आणि दोन दिवस वाडीत जाणं चुकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा केस उडाले, पांढरी पुन्हा दोन दिवस उपाशी. मावशीनं तेव्हा आम्हाला दोघींना समोर बसवलं. "रोज जोडता न् रोज तोडता. असं नाई चालत. आता त्याईले एका घरी ठेवा." तिच्या वाडीत ठेवता येत नव्हतं, रात्री कोल्हे यायचे आणि मुंगसंही होती. म्हणजे एका घरी. कोणाच्या?

मी तोंड उघडायच्या आत बहीण म्हणाली, "तू ने माही काळकानी." आणि मी लगेच "बरं" म्हटलं. मी इथे मोठेपणा घेणार नाही. मला आनंद झाला होता. वाटेनं ती रिकाम्या हातांनी माझ्या मागं चालत होती आणि सांगत होती, "तिले सकाऊन पाणी बदलून देजो. अंधारात एकली नको ठेवजो." मी नुसतं हो हो म्हणत होते.

दारात माय उभी होती. तिनं फडकं वर करून पाहिलं.

"ही काळ्या कानाची तिकडची हाय. इथं काऊन आणली?"

"तिनंच देल्ली. आता दोघी इथंच राहतीन."

"त्याईच्या वाट्याची चीज माह्या घरात येनार नाई. उद्या म्हनतीन, चोरून नेली."

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली बघून म्हणाले, "पंचाईनं देल्लं ते देल्लं." मी भांडले, पाय आपटले. पांढरी एकटी राहिली तर मरेल असं सांगितलं. माय म्हणाली, "मरन तर मरन. पण त्याईचं घ्याचं नाई." तिचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की ती हलणार नाही. माझा हट्ट कोणाकडून आला, तेही त्याच वेळी कळलं.

मग मी विचार केला. घ्यायची बंदी होती. द्यायची बंदी अजून कोणी घातली नव्हती. घालायच्या आत मी टोपलं तसंच उचललं आणि रस्त्यानं फिरून मोठ्या बाबांच्या दारात गेले. वाटणीनंतर मी त्या दारात पहिल्यांदा उभी होते. मोठी माय ओट्यावर तूर पाखडत होती. मी टोपलं तिच्यापुढं ठेवलं.

"पांढरी आमच्या वाट्याची नोहे," ती म्हणाली.

"माह्या वाट्याची हाय. मी देऊन राह्यली."

"तुह्या मायले इचारलं?"

"तिनं घेवाले नाई म्हटलं. देवाले नाई नाई म्हटलं."

मोठ्या मायनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं. "भाकर खाऊन जाय," ती म्हणाली. मी नाही म्हटलं. पांढरीला मी शेवटचा हातही लावला नाही, कारण लावला असता तर मी तिला उचलून परत नेलं असतं आणि मग ती मेली असती. मी घरी आले आणि सांगितलं, "देऊन आली." त्या दिवशी मायनं काहीच आपटलं नाही.

ती थंडी मला लांबच्या लांब वाटली. बहीण रोज शाळेत पट्टीवर बसल्या बसल्या सांगायची: आज पांढरीनं एवढं खाल्लं, आज दोघी उन्हात पडून होत्या, आज पाठीवर हात फिरवला तर मणके लागले नाहीत. मी म्हणायचे, "मी इचारलं काय तुले?" पण मी शाळेत जायचे ती तेवढं ऐकायलाच. बहिणीला ते कळत असावं, कारण माझ्या असल्या बोलण्यावर ती त्या दिवसांत एकदाही रडली नाही.

माघात ती दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला राहवेना. मी भिंतीपाशी पाटा उभा केला, वर चढले आणि पलीकडे पाहिलं. मोठी माय अंगणात धुणं आपटत होती.

"मोठी माय, जेवली काय वं ते?"

"कोन? माही पोट्टी का तुही पांढरी?"

"दोघी," मी म्हटलं.

"पोट्टीले ताप हाय," ती म्हणाली. "पांढरीनं माही अर्धी चटई खाल्ली."

मागून मायचा आवाज आला, "उतर खाली." मी उतरले आणि गाल पुढं करून उभी राहिले, कारण आता पडणारच होती. माय मेथी निवडत बसली होती. तिनं जुडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"भिंतीवरून लोकाईच्या घरात काय पाह्यतं? दारातून जाय."

मी दारातून गेले. बहीण वाकळीखाली पडली होती, मला पाहून उठून बसली. पांढरी मात्र उठली नाही. ती कोपऱ्यात काळकानीच्या पाठीवर मान टाकून पडली होती, गुबगुबीत झालेली, आणि तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मला ती ओळखत होती की नाही, मला सांगता येणार नाही. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. मी बहिणीच्या शेजारी बसले आणि तिला ताप कधीपासून आहे ते विचारलं.